माल ठेवला, माणूस फेकला

मानसिंग आमच्या माण तालुक्यातला. तीस वर्षं झाली, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गोण्या उचलतोय. मानेवर घट्टा असा की शर्टाची कॉलर त्याच्यावर बसत न्हाई. माणूस तसा गरीब, पर एकदा डूख धरला की सुटका न्हाई. बांधावरच्या एका बाभळीपायी त्यानं चुलत्याच्या घरच्या दोन लग्नांचं जेवण सोडलं हुतं. त्यातलं एक लग्न तर त्यानंच जमवलेलं.

असला गडी मोबाइलवरच्या मालिकेच्या नादाला लागला. 'मंगळाची खेप' तिचं नाव. चौघं हमाल आभाळातल्या जहाजातनं मंगळावरचं खनिज पृथ्वीवर आणत्यात. त्यातल्या खंडूच्या मानेवर बी घट्टा. मानसिंगला तेवढं बास झालं. दुपारी बटाट्याच्या थप्पीला मोबाइल टेकवायचा आन् अख्खी टोळी भाकरी मोडत बघत बसायची.

शेवटच्या भागात लिवणाऱ्यानं घात केला. जहाजाचं इंधन सरत आलं, वजन जास्त झालं, तर तिघांनी मिळून दार उघडलं आन् खंडूलाच भाईर ढकलला.

मानसिंगनं हातातली भाकरी खाली ठिवली.

"मागं दोनशे पेट्या हायत्या की! सातव्या भागात मी सोता मोजल्यात. माल ठेवला आन् माणूस फेकला?"

गाळ्यावरचा मेहता, पावत्या फाडणारा, हसला. "जपून रे मानसिंग. उद्या तुझी टोळी पण टाकेल तुला."

टोळीतल्या सितारामनं डबा झाकला. बारा वर्षांमागं ट्रकला लावलेल्या फळीवरनं मानसिंग घसरून खाली पडला, तवा वर फळीवर हाच सिताराम हुता, पाठीवर गोणी, तोल सुटलेला. गोणी मानसिंगवर पडू नये म्हणून त्यानं अंगाला पीळ देऊन ती गटारात फेकली. मानसिंग वाचला, सितारामचा खांदा निखळला, आन् व्यापाऱ्यानं गोणीपायी त्याला आईवरनं शिव्या घातल्या. तवापास्नं सिताराम गोण्यांची तोंडं शिवतो. त्या हातानं त्याला टोपी सरळ करता येत न्हाई. त्याच्यादेखत मेहता असं बोलला, आन् ते बोल मेहत्याच्या तोंडी दिलं लिवणाऱ्यानं.

लिवणाऱ्याचं नाव जयप्रकाश. त्याची मुलाखत आली. "जिवावर बेतलं की हमालाची दोस्ती तिथंच संपते," असं चहा पीत पीत म्हणाला. मानसिंगनं ती तीनदा बघितली.

बायको रंगूबाई बेलापुरातल्या एका सोसायटीत पोळ्या करती. एक दिवस तीच म्हणाली, "अवं, तुमचा त्यो लिवणारा आमच्या सोसायटीत यायचाय. रविवारी अकराला. बोर्ड लागलाय. पर तुमास्नी आत कोण घ्यील?"

"पाठीवर माल असला की हमालाला कोण इचारत न्हाई, रंगे."

झालंही तसंच. रविवारी मानसिंग पन्नास किलो कांद्याची गोणी पाठीवर घेऊन फाटकातनं आत गेला, मागं सिताराम. उलट वॉचमननंच लिफ्ट दाखवली.

हॉलमधी जयप्रकाशचं भाषण संपलं आन् कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणाला प्रश्न?"

"मला हाय," मानसिंग दारातनं म्हणाला आन् गोणीसकट थेट स्टेजवर चढला. "सायेब, वजन जास्त झाल्यावर हमाल काय फेकतो, ते तुमाला ठावं हाय म्हणं."

हॉल हसला. जयप्रकाशबी हसला. "तुम्ही खंडूचे फॅन दिसता."

"व्हय. जरा वाका. ह्यो सिताराम, तुमच्या टोळीतला समजा. ह्येच्या खांद्यावर हात ठिवा."

पन्नास मोबाइल वर झालं हुतं. जयप्रकाशला न्हाई म्हणता येईना. तो वाकला. मानसिंगनं गोणी अल्लद त्याच्या पाठीवर दिली आन् हात काढून घेतलं.

दोन पावलं. गुडघं लटपटलं, तोंडातनं "अगं आई" निघालं, आन् गोणी धाडकन भुईवर. शिवण फुटली, कांदं पार खुर्च्यांखाली गेलं. जयप्रकाशचं दोन्ही हात सितारामच्या गळ्यात. सितारामनं त्याला एका धड हातानं धरून ठिवलं हुतं.

"बघा," मानसिंग म्हणाला. "माल फेकलासा, माणूस धरलासा. दोनशे पेट्या हुत्या, सायेब."

"अहो, ती गोष्ट आहे..."

"व्हय. आन् ह्यो कांदा हाय. भरा."

"मी?"

"ज्याच्या पाठीवरनं गोणी पडली, त्यानंच भरायची. बाजाराची रीत हाय." एक बाई मदतीला उठल्या, तर मानसिंगनं हात आडवा केला. "ताई, बसा. ह्यात दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

जयप्रकाश गुडघ्यावर बसला. पहिल्यांदा हसत हसत वेचलं त्यानं. मग घाम आला तसं हसू गेलं. सितारामनं खिशातनं दाभण आन् सुतळी काढली आन् गोणीच्या तोंडाशी वाट बघत उभा ऱ्हायला. मानसिंगनं कमरेवर हात ठिवलं. एक कांदा उचलला न्हाई.

"रंगे," त्यानं दारात शूटिंग घेत उभ्या बायकोला हाक दिली, "मोबाइल नीट धर. मेहत्याला दावायचंय."

जयप्रकाश उठाय लागला.

"सायेब," मानसिंग म्हणाला, "त्या टेबलाखाली अजून एक हाय."