गॅलरीतला पंप

आमच्या इमारतीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांची बायकोसुद्धा दारात आलेल्या माणसाला "मिस्त्री झोपलेत" असंच सांगायची. समोरासमोर अर्थात "अहो". पेशाने ते लिफ्ट दुरुस्त करणारे. अख्खी उमर इमारतींच्या पोटातून वरखाली करण्यात गेली आणि त्यातून त्यांना एक खोड लागली होती. बिघाड कुठलाही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय बदललं?" काल चालत होती आणि आज चालत नाही, म्हणजे मधे काहीतरी बदललं आहे, ते शोधा, बाकी बडबड नको. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन बदलल्या आणि लिफ्ट चालू झाली, तर लिफ्ट चालू होते, पण आपण मूर्खच राहतो. हा प्रश्न ते पोटदुखीपासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत सगळ्याला लावत. त्यामुळे भांडण मिटवायला त्यांना कोणी बोलावत नसे.

एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं आणि सिगारेट बंद करायला सांगितली. दुसरा झटका झेपणार नाही, हेही सांगितलं. मिस्त्रींना एकच मुलगी, शाळेत गणित शिकवते. तिने दवाखान्याच्या खाटेवर बसून बापाचा हात धरला.

"बाबा, माझ्या गळ्याची शपथ. पुन्हा सिगारेटला हात लावणार नाही म्हणा."

"नाही लावणार."

"पूर्ण वाक्य म्हणा."

मिस्त्रींनी पूर्ण वाक्य म्हटलं. गणिताच्या बाईंपुढे त्यांचं काही चालत नसे. अशा रीतीने त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकदम दोन गोष्टी बदलल्या: काम सोडलं आणि सिगारेट सोडली. त्यांच्याच नियमाप्रमाणे हे चुकलं होतं. त्यातली एक पूर्ववत करायचं त्यांनी लवकरच मनावर घेतलं.

मुलगी शाळेत गेली की ते गॅलरीत जात, आणि संध्याकाळी ती यायच्या आधी पुन्हा एकदा. थोटकं कोरफडीच्या कुंडीत खोचून ठेवत. आमची गॅलरी त्यांच्या गॅलरीला लागून, मधे फक्त कमरेएवढी भिंत. खालच्या अंगणातूनही धूर दिसायचा. एकूण, ही गोष्ट साऱ्या इमारतीला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एका मुलीला. आणि बायकोला ठाऊक आहे की नाही, हे तिच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

फिशटँक मुलीनेच आणला. रिकाम्या हातांना उद्योग हवा, आणि मासे बघत बसलं की मन शांत होतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या भिंतीला टेकून, काचेची पेटी बसली. त्यात काही गप्पी, दोन काळे मॉली आणि एक नारंगी गोल्डफिश. मिस्त्रींनी आधी नाक मुरडलं. "बघायचं काय त्यात? हे नुसते आडवे जातात," असं म्हणाले. पण आठवडाभरात ते खुर्ची ओढून पेटीसमोर बसायला लागले.

अडचण फक्त हवेच्या पंपाची होती. पाण्यात बुडबुडे सोडणारा तो छोटा डबा अखंड गुणगुणायचा, आणि नवराबायको झोपायची त्याच खोलीत.

"अहो, कानात डास शिरून बसल्यासारखं होतंय. एकतर तो डबा झोपेल नाहीतर मी."

मिस्त्रींनी गॅलरीत, कोरफडीच्या वर, एक फळी ठोकली. पंप तिच्यावर ठेवला आणि नळी खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतली. काम असं सफाईदार की नळी दाखवल्याशिवाय दिसू नये. "मोकळी हवा मिळेल बिचाऱ्यांना," ते म्हणाले.

मासे मरायला लागले ते त्यानंतर.

आधी एक गप्पी. मग दुसरा. मासा ताठ व्हायचा, कल्ल्यांजवळचे पर अंगाला चिकटवून घ्यायचा, मधेच झटका आल्यासारखा उडायचा आणि मग पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून पडून राहायचा. सकाळी बघावं तर तरंगत. मुलगी दुकानातून नवे आणायची, तेही त्याच वाटेने जायचे.

दुकानदार म्हणाला, पाणी बदला. बदललं. मासे मेले. दुकानदार म्हणाला, छे, इतकं बदलायचं नसतं. मग त्याने एक निळं औषध दिलं. पाणी सुंदर निळं झालं आणि एक मॉली त्यात मेला.

"तुझा दुकानदार पण दोन गोष्टी एकदम बदलतो," मिस्त्री मुलीला म्हणाले, आणि त्यांनी सूत्रं हातात घेतली. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून त्यातला जंतुनाशकाचा वास उडवला, मगच पेटीत घातलं. फरक नाही. खाणं चिमटीवरून अर्ध्या चिमटीवर आणलं. फरक नाही. स्पंज नळाखाली धुवायचा बंद केला, पेटीतल्याच पाण्यात खळबळायला लागले. पेटी खिडकीच्या उन्हापासून सरकवली. नवा मासा आणला की आधी वेगळ्या बरणीत ठेवून त्याच्या अंगावर पांढरे ठिपके येतात का ते बघितलं. बरणीत तो मजेत असायचा. पेटीत गेला की ताठ.

हात टेकायची त्यांना सवय नव्हती. चष्मा लावून ते पेटीसमोर बसत, आणि जास्त विचार करावा लागला की उठून गॅलरीत जात. मासे जसजसे जास्त मरू लागले तसतसा त्यांना जास्त विचार करावा लागू लागला.

एकदा मुलगी मेलेला मासा चमच्याने काढताना म्हणाली, "देऊन टाकते मी हे कोणालातरी. तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून आणले, आणि तुमच्याच डोळ्यांपुढे मरतायत. डॉक्टर काय म्हणाले विसरलात? जिवाला घोर नको."

"देऊ नकोस. सापडेल."

"काय सापडेल?"

"काय बदललं ते."

शेवटी पंपच बंद पडला. आतला रबरी पडदा फाटला होता आणि नवा दुकानात यायचा होता. हवा बंद, म्हणजे उरलेले मासेही जाणार, असं धरून चालायला हरकत नव्हती. झालं उलटंच. कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली गोल्डफिश बाहेर आली आणि काचेवर तोंड आपटून खायला मागू लागली. गप्पींचे पर सुटे झाले. मिस्त्री हे बघत राहिले. हवा बंद केल्यावर मासे सुधारतात, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

रबर आलं तेव्हा मी तिथेच होतो, बशीत स्क्रू सांभाळायला. त्यांनी पंप उलटा केला. तळाशी, जिथून पंप हवा आत ओढतो तिथे, नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती असते, धूळ अडवायला. ती मुळात पांढरी असते. ही चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी झाली होती आणि बोटाला चिकटत होती. मिस्त्रींनी ती नाकाशी नेली.

मग त्यांनी कोरफडीकडे पाहिलं. वर फळीकडे पाहिलं. फळी नेमकी त्यांच्या तोंडाच्या उंचीवर होती. त्यांनीच मापून ठोकली होती.

"काय निघालं हो?" बायकोने आतून विचारलं.

"धूळ."

ती दारात आली. चकती त्यांच्या चिमटीत होती. तिने ती पाहिली, आणि पदराला हात पुसत आत निघून गेली.

मिस्त्री माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतीत बिघाड शोधला." मला वाटलं, झालं, सुटली आता ती सिगारेट. आणि खरंच, दोनचार दिवस गॅलरी मोकळी होती. ते नुसतेच येऊन उभे राहायचे, कठडा धरून, बस चुकलेल्या माणसासारखे.

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने दुरुस्ती केली. म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलली. पंप आत आणला.

"अहो, परत माझी झोप उडवणार का?"

"बाहेरची हवा दमट आहे. माशांना बाधते."

"दमट," ती म्हणाली. इतकंच. मग कपाटातून एक जुना टॉवेल काढला, घडी करून पंपाखाली घातला आणि म्हणाली, "निदान थरथर तरी कमी होईल."

मासे मरायचे थांबले. मुलीचा आनंद बघण्यासारखा होता. "शोधलंत ना शेवटी! दमट हवा! कोणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?" शाळेत तिने हे उदाहरण म्हणून मुलांना सांगितलं. इमारतीत आणखी एकदोघांकडे पेट्या होत्या. ते सल्ल्याला येऊ लागले. मिस्त्री नीट ऐकून घेत, पाणी विचारत, खाणं विचारत, आणि शेवटी सांगत, "पंप गॅलरीत ठेवू नका." का, ते कोणी विचारलं तर म्हणत, "दमट." ते बोलताना त्यांच्या शर्टाला जो वास यायचा त्याबद्दल कोणी काही म्हणत नसे. सज्जनांची इमारत आहे आमची.

दुसरा झटका त्यांना गॅलरीत आला. सकाळची वेळ, मुलगी चप्पल घालून दारात. आवाज ऐकून मीही बाहेर आलो. मिस्त्री कठड्याशी बसकण मारल्यासारखे खाली गेले होते आणि बायको आधीच त्यांच्याजवळ होती. तिने एका हाताने त्यांचं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने फरशीवरून काहीतरी उचलून मुठीत घेतलं. मुलगी धावत आली.

"आई, काय झालं? काय उचललंस?"

"बटण. शर्टाचं तुटलं."

मुठीत ते अजून जळत असणार. तिने मूठ उघडली नाही. आम्ही त्यांना खाली नेलं तोवर सगळं संपलं होतं. पुढे बरेच दिवस तिच्या तळहाताला पट्टी होती. चहा सांडला, असं तिने सांगितलं.

त्या पेटीचं सगळं मुलीने बघायला सुरुवात केली. आई मात्र झोपेना. पंपाची गुणगुण, नि रिकामी गादी. डॉक्टर म्हणाले, झोप लागलीच पाहिजे. तेव्हा मुलगी पंप उचलून गॅलरीकडे निघाली.

"तिथे नको," आई एकदम म्हणाली. "मरतील."

"काही दिवसच. तू झोप. मेले तर मी नवे आणीन."

"अगं नको म्हणते ना!"

पण मुलीने पंप त्याच फळीवर ठेवला, नळी खिडकीच्या त्याच कोपऱ्यातून आत घेतली. पावसाचे दिवस होते. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. याहून दमट हवा आणायची म्हटलं तरी मिळाली नसती.

आई झोपायला लागली. मासे मेले नाहीत.

एका संध्याकाळी मुलगी कठड्याशी उभी होती. मला म्हणाली, "काका, बाबा दमट हवा म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते."

"चार दिवस झाले, तुमची चादर वाळत नाहीये."

"नाही वाळत."

"मग?"

"सवय झाली असेल माशांना," मी म्हणालो. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या उत्तराकडे बाई जशा बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग तिची नजर फळीवरून खाली, कोरफडीवर आली. कोरफड जोमात होती. तिने मातीला हात लावला नाही. लावला असता तरी काही सापडलं नसतं. आईने ती माती केव्हाच बदलली होती.

त्यानंतर शाळेतून आली की ती पर्ससकट पेटीसमोर बसायची. न तपासलेल्या वह्या बाजूला तशाच. एकेका माशाकडे टक लावून बघायची, पर चिकटलेत का, वर तोंड काढतोय का. सगळे मजेत होते. गोल्डफिश काचेवर तोंड आपटत होती. बाकी सगळं तेच होतं, पाणी तेच, हवा तीच, फळी तीच. बापाने शिकवलेला प्रश्न तिला येत होता आणि उत्तरही समोर होतं. ते खोटं ठरवायला पेटीतला एक मेलेला मासा पुरला असता.

आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "मेला का गं एखादा?"

"नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली.