पियानोचं सुतक

नव्वदच्या दशकात कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या अंगाला नवी घरं उठायला लागली. त्यातल्या एका बंगल्यात, अगदी आमच्या भिंतीला भिंत लागून, एक जोडपं राहायला आलं. साहेब कारखान्यात केमिस्ट होते आणि मॅडम पियानो वाजवायच्या. दोघं मूळचे गोव्याकडचे, ख्रिश्चन. पियानो मुंबईहून ट्रकमधून आला तेव्हा तो उतरवायला गल्लीतली सगळी गडीमाणसं लागली. माझ्या वडिलांनी पुढे दोन दिवस कमरेला तेल चोळत त्या वाद्याच्या नावानं बोटं मोडली. आम्ही म्हशी पाळणारी माणसं, आम्हाला वाद्य म्हणजे भजनाची पेटी एवढंच ठाऊक.

मॅडम किती मोठ्या आहेत हे आम्हाला त्यांच्या दारात लागणाऱ्या गाड्यांवरून कळलं. एखाद्या रविवारी मुंबई-पुण्याची माणसं त्यांना ऐकायला येत. खुर्च्या कमी पडल्या की आमच्या नेत, आणि खुर्ची पोचवायच्या निमित्तानं मी आत शिरून कोपऱ्यात बसत असे. त्यांनी परदेशातल्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवलंय हे मला तिथेच कुजबुजीतून कळलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्या वाजवायला लागल्या की रडू यायचं आणि आपण का रडतोय म्हणून स्वतःचाच राग यायचा.

एकदा एक वयस्कर गृहस्थ वाजवणं संपल्यावर ढसाढसा रडले आणि मॅडमच्या पाया पडायला वाकले. मॅडमनी त्यांना उठवलं आणि चहात साखर किती घालू म्हणून विचारलं. मी थक्क झाले. खरं तर मी त्यांचा चेहरा कितीतरी दिवस निरखत होते. आपल्याकडे गवई हात उडवतात, डोळे मिटतात, मान डोलावतात. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. घरात बायका तांदूळ निवडायला बसतात तेव्हा त्यांचा चेहरा असतो, तसा त्यांचा असायचा.

दूध घालायला जाता जाता मी त्यांच्याकडे शिकायला लागले. साहेब म्हणायचे, दुधाबरोबर शिष्याही रतिबाला लागलीय. शिकवताना मॅडम कडक होत्या. मी जीव ओतून वाजवायला लागले की त्या माझं मनगट धरून थांबवायच्या. शेवटी एकदा मी चिडून विचारलं की तुम्हाला वाजवताना वाटतं तरी काय.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तू फार वाटून घेतेस, म्हणून तुझी बोटं पळतात."

हे उत्तर मला आवडलं नाही आणि पटलंही नाही. ज्यांच्या वाजवण्यानं म्हातारी माणसं रडतात त्यांना काहीच वाटत नाही, आणि मला इतकं वाटतं तर माझ्या हातून धड एक ओळ निघत नाही, हा कुठला न्याय?

मी अकरावीत गेले त्या उन्हाळ्यात साहेब झोपेतच गेले. चर्चमधले विधी झाले, दफन झालं, आणि मॅडम एकट्या घरी परतल्या. त्यांचं जवळचं असं कुणी नव्हतं. मग आईनं सूत्रं हातात घेतली. त्या घरची चूल पेटायची नाही, जेवण शेजारपाजारच्यांनी पोचवायचं, टीव्ही लावायचा नाही, हे आमच्याकडचं सगळं तिनं तिथे लागू केलं. त्यांच्या धर्मात हे असतं का, असं तिनं कुणालाच विचारलं नाही. दुःखाला धर्म नसतो असा काही विचार वगैरे तिनं केला नव्हता. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं.

भेटायला आलेल्या बायकांबरोबर पोरंही असायची, आणि पोरं पियानो सोडणार होय? एकानं झाकण उघडून दोन-तीन पट्ट्या दाबल्या. सगळ्या खोलीत टण् टण् घुमलं. आई आतून तरातरा आली. "घरात सुतक हाय, आणि हितं वाजवाय लागलाय व्हय?" तिनं पोराला बाहेर काढलं, झाकण लावलं, झाकणाला असलेली बारकी किल्ली फिरवली आणि मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिनांपैकी एकीत ती ओवून टाकली. मॅडम समोरच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं.

मला वाटलं, दोन दिवसांत मागतील. त्या रोज पहाटे वाजवायच्या, तापातसुद्धा वाजवायच्या. पण त्यांनी किल्लीचं नावही काढलं नाही. आईनं पाठवलेली भाकरी खायच्या, खिडकीत बसून राहायच्या, दुपारी झोपायच्या. रडताना मात्र त्यांना कुणी पाहिलं नाही, आणि गल्लीत त्यावरून कुजबूज सुरू झाली. एक बाई तर म्हणाली की कलाकार माणसं अशीच असतात, आतून कोरडी. मला तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं.

तेराव्या दिवशी आईनं पुरण घातलं, ताट वाढून नेलं आणि किल्ली काढून मॅडमच्या पुढे धरली. सुतक फिटलं, आता वाजवा, असं ती म्हणाली. मॅडमनी पुरणपोळी घेतली. "किल्ली तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या.

आई घरी येऊन नुसती बसून राहिली. आपण काही चुकीचं केलं का, बाईंना राग आला का, असं मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी संध्याकाळी दूध घेऊन गेले आणि सरळ मॅडमनाच विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. उलट त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता. त्यांनी सांगितलं की त्या सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना पियानोच्या स्टुलावर बसवलं, तेव्हापासून एकाही दिवसाची सुट्टी झाली नाही. त्यांची आई गेली त्या दिवशीही वडील म्हणाले होते, बस आणि वाजव. आज वाजवू नकोस असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी सांगितलं असेल तर ते माझ्या आईनं.

म्हणजे ही सुट्टी होती! मला फसवल्यासारखं वाटलं. जे मिळावं म्हणून मी तळमळत होते, ते सुटलं म्हणून या बाईला हायसं वाटत होतं. मी विचारलं, मग तुमचं संगीतावर प्रेमच नाही का?

"तुझ्या आईचं म्हशींवर प्रेम आहे का?" त्यांनी उलट विचारलं.

घरी येऊन मी आईला तेच विचारलं. ती म्हणाली, "धारंला बसल्यावर प्रेम हाय का न्हाय ते बघत बसलं तर म्हस लाथ घालती." मी दोघींचा नाद सोडला आणि पोटभर गोंधळून झोपले.

पावसाळा गेला. पियानोवर धूळ बसली. मी धूळ पुसायची आणि माझी शिकवणी बुडाल्याचं दुःख करायची, पण खरी भीती वेगळी होती. त्या आता कधीच वाजवणार नाहीत असं मला दिसायला लागलं होतं. मुंबईहून ऐकायला येणाऱ्यांपैकी दोघे जण गाडी करून आले, त्यांनाही तेच दिसलं. किल्ली शेजारी आहे असं कळल्यावर ते आमच्या गोठ्याशी येऊन उभे राहिले. एवढी मोठी कलावंत वाया जातेय, तुम्हाला काही कल्पना आहे का, असं ते आईला सुनावायला लागले. मी मनातून त्यांच्याच बाजूची होते. आईनं शेणाचा हात बादलीत बुडवला आणि म्हणाली, "बाईंनी मागितली की देणार. तुमी पावणं हाय, च्या घ्या आणि जावा." चहा न पिता ते निघून गेले.

दिवाळीच्या सुमाराला कारखाना सुरू झाला. पहाटे भोंगा झाला, आणि उजाडेपर्यंत मळीचा तो आंबूस वास सगळ्या बावड्यावर पसरला. बाहेरची माणसं नाकाला रुमाल लावतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. साहेब कारखान्यातून घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना हाच वास असायचा. मी अंगणात दात घासत होते. मॅडम रात्रीच्या गाऊनवर, अनवाणी, आमच्या फाटकातून आत आल्या. त्या कधीच अशा आल्या नव्हत्या.

"वहिनी, किल्ली द्या. मला रडायचं आहे."

आई धार सोडून उठली. तिलाही काही समजेना. "रडा की बाई," ती म्हणाली. "त्याला किल्ली कशाला लागती?"

"मला दुसरीकडे कुठे रडता येत नाही."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. किल्ली काढायला आईनं गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला आणि तिला एकदम अवघडल्यासारखं झालं. ती पाठमोरी झाली, पिनेतून किल्ली सोडवली, आणि न वळताच मागे हात करून दिली.

मला वाटलं, आता काहीतरी भव्य, काळीज चिरणारं ऐकू येईल. भिंतीपलीकडून आले ते साधे सूर, खालून वर आणि वरून खाली, पहिल्या दिवशी मला शिकवले होते तसले. तेही अडखळत. इतक्या महिन्यांनी बोटं आखडली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. बराच वेळ तेच चाललं. आईनं दुधाची किटली माझ्या हातात दिली आणि जाऊन बघ म्हणाली.

दार उघडंच होतं. मॅडम स्टुलावर ताठ बसल्या होत्या. चेहरा तसाच, तांदूळ निवडण्याचा, आणि त्याच्यावरून पाणी वाहत होतं. हुंदका नाही, काही नाही. पाणी हनुवटीवरून हातांवर ठिबकत होतं आणि पुसायला त्या हात उचलत नव्हत्या. आपण बघू नये ते बघतोय असं वाटून मी किटली ठेवली आणि मागच्या मागे निघाले.

"थांब," त्या वाजवत वाजवतच म्हणाल्या. "मला मात्रा मोजता येईना. तू मोज."

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणायला लागले, एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. हळूहळू त्यांची बोटं माझ्या आकड्यांवर यायला लागली.