कवटीफोडची निवडक गाणी आणि मावशीचा अभिप्राय

स्थानकावर तिला सगळेच मावशी म्हणत. वयाने मोठे असलेले नियंत्रक साहेब म्हणत, चालक-वाहक म्हणत, झाडणारी बाईसुद्धा म्हणे. पण हक्काने मावशी म्हणणारा एकच होता, तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याला घरात मुक्या म्हणत, कारण शाळेत जायचं वय झालं तरी पठ्ठ्याने तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

मावशीचं काम बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा करायचं. आता यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने एकदा त्या खोलीत बसावं आणि दुपारच्या जेवणानंतर, डोळ्यांवर झापड असताना, ‘विनाथांबा’ हा शब्द जांभई न देता उच्चारून दाखवावा. मावशीचा एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा लख्ख असे. तिची पद्धत ठरलेली. आधी हेडफोन कानावर, मग बोट लाल बटणावर, मग नखाने माइकवर दोनदा टकटक, आणि मग घोषणा. तीही दोनदा. “एकदा ऐकणाऱ्यांसाठी, एकदा न ऐकणाऱ्यांसाठी,” असं ती म्हणे. ही सवय इतकी हाडीमाशी भिनली होती की घरीसुद्धा ती “जेवायला वाढलंय” दोनदा म्हणे, आणि घरात ती एकटीच राहत असे.

मुक्या लहान असताना ताईची नोकरी दिवसभराची, म्हणून पोर मावशीच्या गळ्यात. ती त्याला खोलीत घेऊन जाई. तो टेबलाखाली बसून काचेतून बाहेरचे पाय बघत राही. डॉक्टर झाले, औषधं झाली, ताईने रडून घेतलं. आणि एक दिवस जेवताना मुक्याने चमचा खाली ठेवला, ताटावर नखाने दोनदा टकटक केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “प्रवाशांनी लक्ष द्यावे.” ताईच्या हातून डाव पडला. ती तोंडाला पदर लावून बघत राहिली, तेवढ्यात त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. नियम म्हणजे नियम.

हा मुक्या मोठा झाला आणि ‘कवटीफोड’ नावाच्या बँडमध्ये गायला लागला. गायला म्हणजे आपलं म्हणायचं. पोटाच्या तळातून तो जो आवाज काढी, तो ऐकून ताईने पहिल्यांदा ओव्याचा अर्क आणला होता.

“ह्याला डेथ मेटल म्हणतात, मावशी,” त्याने समजावलं होतं.

“म्हणोत बापडे,” मावशी म्हणाली होती.

बँडमधली पोरं तशी साधी. ढोल बडवणारा दिवसा दातांच्या कवळ्या करायचा, गिटारवाल्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. घरी आली की चपला ओळीत काढून ठेवत आणि चहा झाला की कपबश्या स्वतः विसळत. मंचावर मात्र तोंडाला काळं फासून जगबुडीच्या गोष्टी. जगबुडी बघायला माणसं यायची ती बोटांवर मोजण्याएवढी, त्यातही अर्धे एकमेकांचे मेहुणे.

तर असा हा बँड अखेर बंद पडला. कवळीवाल्याचं लग्न ठरलं, मासेवाल्याला पाठदुखी जडली. जाता जाता त्यांनी आजवरच्या गाण्यांमधली निवडक काढून, वर एक नवीन घालून, एक सीडी केली. मुक्या ती घेऊन मावशीकडे आला. मुखपृष्ठावर अक्षरं होती म्हणे. मावशीला काटेरी झुडूप दिसलं.

“ऐक आणि सांग, ऐकण्यासारखं आहे का,” तो म्हणाला. “आईला नाही विचारत, ती ऐकायच्या आधीच नाही म्हणेल. दोस्त ऐकायच्या आधीच हो म्हणतील. रविवारी येतो.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर आपलं संपलं. एवढी वर्षं उगाच घसा फोडला, असं समजेन. आणि मावशी, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तुझं खोटं मला कळतं. तू एकदाच बोलतेस.”

हे मात्र खरं होतं. खोटं बोलायची वेळ आली की मावशी एकदाच बोले. दुसऱ्यांदा तिची जीभच उचलत नसे.

झालं, मावशीच्या जिवाला घोर लागला. बोलायला आपण शिकवलं त्या पोराला तोंडावर कसं सांगायचं, की बाबा रे, तू मुकाच बरा होतास? संध्याकाळी तिने सीडी लावली. पहिल्या गाण्याच्या मध्यावर दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ प्लंबरला घेऊनच आले होते. त्यांच्या मते मोरीची मुख्य नळी तुंबून उलटी फिरली होती. मावशीने लाजेने गाणं आहे असं सांगितलं नाही. प्लंबरने बिचाऱ्याने चांगली नळी उघडली आणि पुन्हा बसवली, आणि तेव्हापासून ती खरोखरच गळायला लागली.

ताईचाही फोन आला. “ऐकलंस?”

“अर्धं गाणं.”

“कसं आहे?”

“निवडक आहे म्हणे. मी विचार करतेय, निवडून हे ठेवलं, तर पाखडून टाकलेलं काय असेल?”

“हे बघ,” ताईने आवाज चढवला, “वाईट आहे म्हणून सांग आणि मोकळी हो. एकदाचं खूळ जाईल डोक्यातून. पोराला बोलतं केलंस तू, आता निस्तरायचंही तूच.”

घरी ऐकायची सोय नाही, म्हणून शनिवारी मावशी सीडी पर्समध्ये घालून कामावर गेली. समोरची काच सोडली तर खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या होत्या आणि घोषणेआधीची टिंगटाँग वाजवायला एक सीडीचं यंत्र होतं. दुपारी गाड्या कमी. प्रवासी बाकांवर पेंगत होते. मावशीने यंत्रात सीडी घातली, शेवटचं नवीन गाणं लावलं, कारण जे काही व्हायचं ते लवकर होऊन जावं असं तिला वाटलं, आणि हेडफोन कानावर चढवले.

आणि हेडफोन कानावर चढले, की बोट लाल बटणावर. ते बोट काही तिला विचारून जात नसे.

पुढे जे झालं त्याचा मावशीला पत्ताच नव्हता. तिने डोळे मिटून घेतले होते, दाताच्या डॉक्टरकडे मिटतात तसे. ढोलांचा भडिमार झाला, मुक्या भूगर्भातून गुरगुरला. मावशी जीव मुठीत धरून शब्द शोधत होती. एक सापडेल तर शपथ. मग तिने डोळे उघडले.

बाहेर सगळं स्थानक उभं राहिलं होतं. माणसं पिशव्या उचलत होती, पोरांच्या बखोटीला धरत होती, झोपलेल्यांना हलवत होती, आणि सगळी मिळून सात नंबरच्या फलाटाकडे धावत होती. सात नंबरला एक गाडी उगाचच उभी होती. तिचा चालक सावलीत डबा खात बसला होता. गर्दी बघून तो गडबडीने हात धुवायला पळाला. दरवाज्यात रेटारेटी सुरू झाली, आणि एका माणसाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली.

मावशीने खाली बघितलं. लाल बटणाचा दिवा पेटलेला होता. गाणं भोंग्यांवरून अख्ख्या स्थानकात गेलं होतं.

तिने झटकन बटण बंद केलं. आता नोकरी गेली, ह्यात तिला शंका नव्हती. दार उघडून नियंत्रक साहेब आत आले. तिने डोळे मिटले.

“मावशी,” साहेब काळजीने म्हणाले, “घसा फारच बसलाय हो तुमचा. एवढं बरं नसताना कामावर कशाला आलात?”

मावशीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. उभ्या आयुष्यात एक अक्षर चुरगळू दिलं नाही, आणि ह्या माणसाला तो आवाज तिचा वाटला! नुसता बसलेला! ती तोंड उघडून खरं सांगणार होती, पण साहेब आधीच बाहेर ओरडायला धावले होते. सात नंबरची गाडी गच्च भरली होती आणि आतले लोक वाहकाला विचारत होते की ही जाते कुठे. काही उतरले, काही भांडले. एक गृहस्थ मात्र “आता बसलोच आहे तर जातो” म्हणून खरोखरच गेले.

तेवढ्यात खिडकीपाशी गाठोडेवाल्या एक आजी आल्या. पाणी मागायला आल्या असतील, असं मावशीला वाटलं. त्यांनी खडीसाखरेचा खडा पुढे केला.

“चघळ हा, बाई. गाव कुठलं ते काही कळलं नाही बघ. पण सात नंबर म्हणालीस ते बरोबर ऐकू आलं.”

“मी? मी कुठे म्हणाले?”

“अगं, प्रवाशांनी लक्ष द्यावे म्हणालीस, फलाट क्रमांक सात म्हणालीस. दोनदा म्हणालीस.”

दोनदा.

मावशीने खडीसाखर तोंडात टाकली, लाल दिवा विझलाय याची तीन वेळा खात्री केली, हातांवर बसली, आणि गाणं पुन्हा लावलं. या वेळी तिने शब्द शोधले नाहीत. ताटावरची टकटक शोधली. ती होती. ढोलांच्या गदारोळात, कवळीवाल्याने काठीच्या टोकाने केलेली, दोनदा. आणि त्यामागून, खोल विहिरीतून यावं तसं: प्रवाशांनी लक्ष द्यावे. नरकाला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे. तिचेच विराम. ‘क्रमांक’नंतरचा तिचाच अर्धा श्वास. टेबलाखालून ज्या फलाटावरचे पाय दिसायचे तो सातच. अख्ख्या स्थानकाला पहिल्या फटक्यात कळलं, आणि जिचं होतं तिलाच कळलं नव्हतं. मावशीला रडू आलं. रडताना खडीसाखर घशात अडकली आणि तिला असा ठसका लागला की साहेबांनी तिला घरीच पाठवलं.

रात्री आवाज अगदी बारीक करून तिने बाकीची गाणीही ऐकली. रविवारी मुक्या आला. ताईही आली, निकाल ऐकायला. मुक्या खुर्चीच्या टोकावर बसला.

“सांग,” तो म्हणाला.

“पहिली चार गाणी ऐकवत नाहीत,” मावशी म्हणाली.

ताईने समाधानाने पदर सारखा केला.

“पहिल्याने तर आमची मोरी गळते. पाचव्यात तू काय म्हणतोस ते तुझं तुला माहीत.”

मुक्याने मान खाली घातली. “आणि शेवटचं?”

“शेवटचं मला कळलं नाही. खरं सांगते, बाळा. मला नाही कळलं. पण स्थानकावर सगळ्यांना कळलं. उठून सात नंबरला गेले रे सगळे. गाडी भरली.”

मग तिने झालेलं सगळं सांगितलं, लाल बटणापासून ठसक्यापर्यंत. मुक्या ऐकत राहिला. लहानपणी टेबलाखाली बसायचा तसा, तोंडाचा चंबू करून.

“भरली?” त्याने शेवटी विचारलं. “म्हणजे उभे राहिले होते लोक?”

“दारात लोंबत होते.”

“आमच्या कार्यक्रमाला कधी कुणी रुमाल टाकून जागा नाही धरली, मावशी,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आणि एक जण खरंच गेला,” मावशी म्हणाली. “अजून परत आलेला नाही.”

ताईला काही हे पटेना. “पुरे झालं तुमचं. मला एका शब्दात सांगा, ते ऐकण्यासारखं आहे की नाही?”

मावशीने टेबलावर नखाने दोनदा टकटक केलं.

“ऐकण्यासारखं आहे,” ती मुक्याकडे बघून म्हणाली.

मग तिने खुर्ची वळवली, ताईकडे तोंड केलं, आणि पुन्हा एकदा म्हणाली, “ऐकण्यासारखं आहे.”