कुलपाशनं मारलेली हाक

आमच्या मजल्यावरच्या कुलपाशचं उभं आयुष्य सून म्हणूनच गेलं. नवरा वारला, लेक परगावी गेली, उरला सासरा. त्याचं नाव तेमिरबेक. आम्हा कझाखांत सून सासऱ्याचं नाव घेत नाही, हे ठीकच. पण तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून ही बाई लोखंडालाही लोखंड म्हणत नसे. "बायान, तुझी ती काळ्या-कडकाची कढई दे गं," म्हणून माझी लोखंडी कढई मागायची. माझी हसून पुरेवाट व्हायची. रजया शिवून तिनं म्हाताऱ्याला पोसलं, आणि त्यानं कधी चहाला बरा म्हटलं नाही. मला त्याचा रागच यायचा.

त्या दुपारी भूकंपानं आमचं अल्माटी शहर हादरलं. म्हातारा खाली अंगणात बाकावर बसला होता. इमारत तडकली पण उभी राहिली. मात्र चौकट वाकून कुलपाशचं लोखंडी दार असं अडकलं, की ती आत आणि मी बाहेर. दोघी ओढून ओढून दमलो. तेवढ्यात भोंगा झाला. लोकांना वाटलं, आणखी धक्का येतोय. घरात उरलेलेही खाली पळाले. भोंगा म्हणजे अंगण, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. कर्ण्यावरचा माणूस जीव तोडून सांगत होता, ते ऐकतो कोण? पाणी शुद्ध करतात तिथली क्लोरीनची टाकी फुटली होती. वर चढा, खिडक्या लावा, म्हणत होता तो.

जिन्याच्या खिडकीतून मी पाहिलं. पाटाच्या कडेनं हिरवट-पिवळा धूर जमिनीला धरून सरकत येत होता. मी किंचाळले. लोक जिन्यांकडे धावले. तेमिरबेक, कानानं अधू, आमच्याकडे पाठ करून तसाच बसलेला.

"आताके! ओ आताके, वर या!" कुलपाश तिच्या खिडकीतून ओरडत होती. पण सासऱ्याला, आजोबाला, सगळे आताकेच म्हणतात. अंगणभर तीच हाक चालली होती. त्यानं मानही वळवली नाही.

"तेमिरबेक! तेमिरबेऽऽक!" कुलपाशच ओरडली.

म्हातारा ताडकन उठला. "कोण गं ती निर्लज्ज?" म्हणत काठी उगारून जिना चढला. त्याच्यामागे बाक धुरात गेला.

वर येऊन त्यानं अडकलेलं दार पाहिलं आणि काठी खाली घेतली. "माझ्या घरात चला," मी म्हटलं. तो हलेना. दाराला पाठ लावून खालीच बसला. मी ओल्या चादरी जिन्याच्या खिडकीला कोंबत होते, तोच पुन्हा धक्का बसला. छताचा गिलावा अंगावर आला. खाली तो धूर, वर हे छत. जायचं कुठं? मला रडू फुटलं.

"आताके," आतून कुलपाश मोठ्यानं म्हणाली, "मीच बोलावलं तुम्हाला. घर पडलं तर पाप माझ्या माथी."

"हाक तू मारलीस. जिना मी चढलो, माझ्या पायांनी," म्हातारा खोकत म्हणाला. "सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायची तुझी खोड आता पुरे, पोरी."

आत ती हमसून रडू लागली. भिंत पुन्हा करकरली. तो दारापासून उठला नाही.