टोल्युईनचा पिवळेपणा

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात माझा प्रोजेक्ट एका हट्टी मिठापाशी अडला होता. सोडियम बोरोहायड्राइड पाण्यात गुण्यागोविंदाने राहतं, पण टोल्युईन या पाण्यासारख्या रंगहीन द्रावकात टाकलं की वाळूसारखं तळाशी बसतं. आणि मला ज्याचं क्षपण करायचं होतं, ते पिवळंधमक बेंझिल टोल्युईनमध्येच! सर म्हणायचे, "त्या मिठाला एकटं पाठवू नको गं, सोबती दे." सोबती म्हणजे लांब शेपट्यांचं अमोनियमचं मीठ. ते बोरोहायड्राइडला घेऊन टोल्युईनमध्ये उतरतं आणि बेंझिलचा पिवळा रंग जातो. रंग गेला की सरांची सही, आणि सही झाली तरच उद्या प्रोजेक्ट जमा.

माझा रंग गेला. मी नाचतच फ्लास्क घेऊन गेले. सरांनी तो खिडकीशी धरला.

"पिवळं हाय की अजून. परत कर."

परत केलं. "पिवळंच हाय." काय उरलंय ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर बेंझिलचा ठिपका औषधालाही उरला नव्हता, तरी सर ऐकेनात. तोवर माझ्या गावची, दिंद्रुडची गाडीही गेली. मी मुळातच तापट. बाटलीतलं कोरं टोल्युईन काचेत ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"आणि हे, सर?"

"हे बी पिवळट."

"सर, हे बाटलीतलं हाय. यात कायबी टाकलेलं न्हाई."

सर हळूच स्टुलावर बसले. माझा राग कुठल्या कुठे पळाला. टायट्रेशनमधला फिकट गुलाबी रंग ओळखायला आम्हाला याच माणसाने शिकवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"सही कुठं करायची, बोट ठेव," ते म्हणाले. मी ठेवलं. सही करून त्यांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "पौर्णिमेला विहारात जायचा माझा पांढरा शर्ट... पिवळा पडला म्हणून रोज भांडतो मी हिच्याशी. सोड्यात घासून घासून बोटांची सालटं निघालीत तिच्या."

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, शर्ट पांढराच हाय. नको घासू."

"कावून? काय झालं?" काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. सरांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी फोन घेतला. "काकू, सरांना डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय. मी येते संगं."