गरम पाण्याने धुतलेला स्लाइड रूल

सातवीतून शाळा सोडून मी खर्ड्याहून निघालो आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटलो. घरचे सगळे ऊसतोडीला जायचे. माझ्या हातात कोयत्याऐवजी काचेची नळी आली, याचंच मला अप्रूप. पण केमिस्टसाहेबांनी बजावलं होतं, "महिन्याभरात स्लाइड रूल चालवता आला तर इथं. नाही तर चरकाच्या गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकायला."

रसात साखर किती आणि एकूण विरघळलेलं किती, त्यांच्या भागाकारावरून रसाची शेकडा शुद्धता कळते. स्लाइड रूल म्हणजे आकडेमोडीची लाकडी पट्टी; तिची मधली पट्टी सरकवली की उत्तराचे आकडे समोर येतात, पण दशांशाचं टिंब कुठं द्यायचं ते पट्टी सांगत नाही. म्हणून साहेबांचा दंडक : आधी तोंडी अंदाज, मग पट्टी. मी जेवताना, अंघोळ करताना अंदाज पुटपुटत असे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पट्टी रसाने चिकचिकत होती. कारखान्यात चिकट झालेलं सगळं आम्ही गरम पाण्याने धुवायचो. मीही धुतली. लाकूडच ते, फुगलं! पट्टी जागची हलेना.

लॅबमधले जुने मामा बघतच राहिले. "आरं, पट्टी हाय का लुगडं? जा आता गव्हाणीवर. लई मोकळी हवा हाय तिथं!"

तेवढ्यात साहेब आले. "सोळा पॉइंट चार भागिले साडेएकोणीस. शुद्धता सांग."

मी पट्टी ओढली. ती तशीच अडकलेली. मग डोळे मिटले. भाजक वीस धरला तर ब्याऐंशी. भाजक साडेएकोणीस, म्हणजे उत्तर त्याहून जरा जास्तच.

"चौऱ्याऐंशीच्या आसपास, साहेब."

त्यांनी खिशातला आपला स्लाइड रूल सरकवला. "चौऱ्याऐंशी पॉइंट एक. आणि तुझी पट्टी?"

"धुतली, साहेब. गरम पाण्यानं."

ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. "राहा इथंच. सावलीत वाळव ती, आणि सरकायला पावडर लाव."

तिसऱ्या दिवशी पट्टी सरकली. पुढे कॅल्क्युलेटर आले, मी रिटायरही झालो. तरी रोज चहानंतर चार भागाकार करतो, आधी तोंडी, मग पट्टीवर. साहेबांच्या उपकारांची आठवण म्हणून तर करतोच. पण खरं सांगायचं तर अजून धाकधूक वाटते, कुणी येऊन विचारलं आणि मला आलं नाही तर?