कंपाउंडच्या मागे

"बाई, डमी कुठंय?" खुर्चीत बसायच्या आधीच शाळेच्या संस्थेच्या चेअरमननी विचारलं.

डमी म्हणजे शाळेच्या वार्षिकांकाची कच्ची प्रत. कुठल्या पानावर काय येणार ते तिच्यात दिसतं. थीम म्हणजे सगळ्या अंकाला धरून ठेवणारा एक विषय. ती नसली की अंकाची भेळ होते. मी चित्रकला शिकवते, म्हणून अंक दरवर्षी माझ्याच गळ्यात. आजवर 'गगनभरारी', 'उज्ज्वल उद्या' असलंच काहीतरी झालं. यंदा मी 'माझा पत्ता' ठरवलं. वळ गावाच्या आसपास सगळी गोदामंच; तिथली आमची मुलं पत्ता सांगताना गावाचं नाव घेतच नाहीत. अमक्याचं कंपाउंड, तमका गाळा, एवढंच सांगतात. हेडसरांनाही थीम आवडली होती.

पाड्यावरच्या, नववीतल्या सारिकाने पाच ओळी दिल्या. "आमचा पत्ता कंपाउंडच्या मागे. आधी पाड्याला वाट होती. आता भिंत आहे. मी नाल्यातून फिरून येते. पाय धुवेपर्यंत प्रार्थना संपते."

वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजेरीत तिच्या नावापुढे 'उशिरा' असा लाल शेरा वर्षभर मीच मारत होते. ते पान मी सगळ्यात पुढे लावलं आणि तिला तसा शब्द दिला.

चेअरमन त्याच पानावर थांबले. "ही भिंत माझी हाय."

"तिने नाव नाही लिहिलं, भाऊ."

"नाव कशाला पायजे? समद्यांना म्हायती हाय. थीम बदला."

"मुलांचं लिहून झालंय."

"मंग दुसरं लिवायला सांगा. पोरांना जग दाखवा, नाला काय दाखवता?"

हेडसर खिडकीबाहेर बघत बसले. मीही भांडले नाही. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, असं स्वतःला सांगितलं आणि डमी उचलली.

'जग हेच घर' अशी थीम झाली. मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल. अंक वाटला त्या दिवशी सारिकाने सगळी पानं दोनदा उलटली.

"बाई, माझा पत्ता न्हाय आला?"

"जागा नव्हती गं."

जागा होती. शेवटचं अख्खं पान चेअरमनच्या गोदामांच्या जाहिरातीला गेलं होतं. गेट नंबर, यायचा नकाशा आणि फोटोत नवा रंग दिलेली ती भिंत. सबंध अंकात पत्ता तेवढा एकच.

थीम ठरवण्याआधी शेवटच्या पानावर जाहिरात कोणाची आहे ते बघावं, एवढं मी शिकले. सारिकाला आता उशिराचा शेरा मारत नाही. ती अजून नाल्यातूनच येते.